नव्या गाडीचं इंजिन 'टाइट' असतं म्हणतात. किती टाइट?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी बाजूला थांबा, इअरफोन लावून हायवेवर गाडी चालवू नका. थांबलात? चला मग.

आजचा विषय तसा जगभराचा आहे, पण लाखनीत तो रोज कानावर पडतो. जुना नॅशनल हायवे सहा, म्हणजे आताचा 53, आपल्या गावातून जातो. नागपूर, भंडारा, लाखनी, साकोली, पुढे रायपूर. ट्रक, ट्रॅक्टर, बाइक, सगळ्यांची इथून ये-जा. त्यामुळे रस्त्याला लागून गॅरेज आणि ऑइलची दुकानं आलीच. तिथे होणारा संवाद तुम्हाला पाठ असेल:

"भाऊ, कोणतं ऑइल टाकू?"

"पुस्तकात 10डब्ल्यू-30 लिहून आहे."

"पुस्तक राहू दे तिकडं! आपल्याकडे ऊन किती तापते. जाडं टाक, 20डब्ल्यू-50."

पुढच्या दुकानात जा. तिथला मिस्त्री सांगतो, "नवीन गाडीचं इंजिन टाइट राहते बाप्पा. फट एवढीशी. जाडं ऑइल त्याच्यात शिरतच नाही. पातळच टाका."

गाडी एकच, सल्ले दोन, आणि दोघंही छातीठोकपणे सांगतात. ज्याची गाडी हप्त्यावर आहे आणि घरी धानाचे चुकारे अजून यायचे आहेत, त्या पोरानं कोणाचं ऐकायचं? चुकलं तर 'इंजिनचं काम निघालं' हे वाक्य ऐकावं लागतं, आणि ते वाक्य काही हजारांचं असतं.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. नवीन इंजिनांतली फट जुन्या इंजिनांपेक्षा खरंच लहान आहे का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. काही ठिकाणी लहान झाली आहे, काही ठिकाणी जवळपास तेवढीच आहे, आणि एका ठिकाणी तर ती तुमच्या आजोबांच्या ट्रॅक्टरमध्येही तेवढीच बारीक होती. सगळीकडे जी कमी झाली ती फट नाही, फटीतली चूक. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की ऑइलचा गोंधळ आपोआप सुटतो.

फट वेगळी, चूक वेगळी

सुताराचं उदाहरण घेऊ. दार आणि चौकट यांच्यात सुतार थोडी जागा सोडतो, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. जागा सोडली नाही तर आषाढात दार अडकतं. ही मुद्दाम सोडलेली जागा म्हणजे क्लिअरन्स. आपण तिला फट म्हणू.

आता त्याच सुताराला शंभर दारांचं काम दिलं. प्रत्येक दाराला तीन मिलिमीटर फट ठेवायची ठरली. शंभरच्या शंभर दारांना बरोबर तीन येईल का? नाही. कुठे दोन, कुठे चार, एखाद्या ठिकाणी पाच. किती इकडेतिकडे चालेल, याची जी हद्द ठरवतात तिला टॉलरन्स म्हणतात. म्हणजे चुकीची मुभा.

आता गंमत बघा. चांगली मशीन आली आणि शंभरही दारांना 2.9 ते 3.1 अशी फट आली. फट लहान झाली का? नाही, ती तीनच आहे. पण बघणारा म्हणतो, "काय टाइट काम आहे!" इंजिनाच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. 'टाइट टॉलरन्स' या शब्दांचं बोलता बोलता 'टाइट फट' झालं.

क्रँकची फट

इंजिनाच्या पोटात क्रँक फिरतो. तो बेअरिंगच्या आत असतो, आणि क्रँक व बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलची फट असते. पिढ्यान्‌पिढ्या मशीनशॉपमध्ये एक साधा हिशेब चालत आलाय: एक इंच व्यासाला एक थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण 0.025 मिलिमीटर. दोन इंचांचा क्रँक असेल तर फट दोन थाउ, म्हणजे 0.05 मिलिमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर असते. फट एका बारीक केसाएवढी, बस.

आजच्या कारमध्ये ही फट साधारण 0.02 ते 0.05 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. म्हणजे जुन्या हिशेबाचाच पट्टा, फार तर त्याची खालची बाजू. 'पहिले फट मोठी होती, आता नाहीच उरली' असं काही झालेलं नाही.

मग बदललं काय? पूर्वी बेअरिंगमध्ये पांढरा धातू, म्हणजे बॅबिट, वितळवून ओतायचे. मग फिटर निळा रंग लावून क्रँक फिरवून बघायचा, जिथे रंग लागेल तिथे हातानं खरवडायचा, परत बसवायचा, परत फिरवायचा. फट किती राहील हे त्या फिटरच्या हातावर होतं. आता बेअरिंगच्या पातळ वाट्या तयार मिळतात. अनेक कंपन्या क्रँक आणि ब्लॉक मोजून त्यांच्यावर अक्षरं किंवा आकडे ठोकतात, आणि त्याप्रमाणे रंगाची खूण असलेली बेअरिंग निवडून बसवतात. शंभरावं इंजिन पहिल्यासारखंच निघतं.

यावरून एक किस्सा सांगतो. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. इंजिनं खूप लागत होती, म्हणून ब्रिटनमधल्या फोर्डला ती बनवायला सांगितली. फोर्डचे इंजिनिअर ड्रॉइंग बघून म्हणाले, या ड्रॉइंगवर आम्ही इंजिन बनवू शकत नाही. रोल्स-रॉइसच्या स्टॅन्ली हूकर यांना वाटलं, आपलं काम फारच बारीक आहे, मोटार बनवणाऱ्यांना झेपत नसेल. झालं उलटंच! फोर्डचं म्हणणं होतं की तुमची चुकीची मुभा फार सैल आहे. तुमच्याकडे कसबी फिटर आहेत, ते भाग निवडून, घासून जुळवतात. आमच्याकडे कोणताही भाग कोणत्याही इंजिनात सरळ बसला पाहिजे. मग फोर्डनं ड्रॉइंगच नव्यानं काढली, आणि मँचेस्टरजवळच्या कारखान्यातून पुढे तीस हजारांवर मर्लिन बाहेर पडली. हूकर यांनी हे आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय.

बघा, इंजिन तेच, आतली फटही तीच. फरक एवढाच की जुळणी हातावर न ठेवता मापावर आणली.

याचा पुरावा बघायला मँचेस्टरला जायची गरज नाही. लाखनीहून भंडाऱ्याकडे निघालं की गडेगाव लागतं. तिथल्या एमआयडीसीत अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे गिअरबॉक्स बनतात. आपल्या भागातली किती तरी पोरं आयटीआय करून अशा कामाला लागतात. त्यांना विचारा, गिअर बसला नाही तर तिथे कानस घेऊन घासत बसतात का? नाही. गेज लावतात. मापात नसेल तर तो तुकडा बाजूला जातो.

पिस्टनची फट

आता पिस्टन. इथे मात्र 'टाइट' म्हणणाऱ्या मिस्त्रीचं बरंच बरोबर आहे.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांनी लॅबमध्ये एक डिझेल इंजिन बघितलं असेल: किर्लोस्करचं एव्ही-1. पाच हॉर्सपॉवर, 1500 आरपीएम. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्याजवळ खडकीला सुरू झाली, आणि महाराष्ट्रातल्या किती तरी विहिरींवर तिचीच इंजिनं धडधडली. या एव्ही-1 चा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, 80 मिलिमीटर आहे. आपण हिशेबाला तोच आकडा घेऊ.

80 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन आहे. तो शंभर डिग्रीनं तापला की साधारण 0.16 मिलिमीटर फुगतो. बाहेरचा बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला तर तो फुगतो साधारण 0.09. म्हणजे थंड असताना जी फट होती त्यातली 0.07 मिलिमीटर नुसत्या उष्णतेनं खाल्ली. फट मुळात तेवढीच ठेवली असती तर पिस्टन जाम. आपल्या भाषेत, इंजिन बसलं!

म्हणून जुन्या काळी थंड असताना जास्त फट सोडायचे. सकाळी गाडी चालू केली की पिस्टन भिंतीवर आपटायचा, 'टक टक' आवाज यायचा, गाडी तापली की आवाज बंद. मग पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचं प्रमाण वाढवलं. असा धातू कमी फुगतो. पिस्टनच्या बाजूला काळपट कोटिंग आलं, घासलं तरी लगेच ओरखडा पडू नये म्हणून. कमी फुगतो म्हणून थंड असतानाची फट लहान ठेवता आली. त्यानं आवाज कमी, ऑइल जळणं कमी, धूर कमी. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा लागू झालं. एवढं कडक प्रदूषण मानक पाळायला या सगळ्याचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. पिस्टन गोल नसतोच! तो किंचित लांबट गोल असतो आणि वरच्या बाजूला बारीक असतो, कारण आग वर लागते आणि तिथेच तो जास्त फुगतो. म्हणून 'पिस्टनची फट किती?' याला एक उत्तर नाही. वर जास्त, खाली कमी. मिस्त्री मापतो तेव्हा पुस्तकात सांगितलेल्या उंचीवरच मायक्रोमीटर लावावा लागतो. भलत्याच जागी मापलं तर चांगला पिस्टनही खराब वाटेल.

आजोबांच्या ट्रॅक्टरमधली बारीक फट

तिसरी जागा, डिझेलचा पंप. 'मायको पंप' हा शब्द ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी अजून आहे. मायको म्हणजे आताची बॉश. नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना आहे, तिथे डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनत आलेत.

त्या जुन्या पंपात एक दांडा एका नळीत वरखाली होतो. दांडा आणि नळी यांच्यातली फट किती? दोन-चार मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भाग, किंवा त्याहून कमी! ती जोडी एकमेकांवर घासूनच तयार केलेली असते, म्हणून एका पंपाचा दांडा दुसऱ्याच्या नळीत टाकत नाहीत.

म्हणजे ज्या काळाला आपण 'दणकट, ढिलं, काहीही चालायचं' म्हणतो, त्या काळच्या ट्रॅक्टरमध्येही ही एवढी बारीक फट होतीच. आजच्या कॉमन रेलमध्येही फट त्याच जातीची आहे, पण दाब कुठल्या कुठे गेलाय. जुन्या इंजेक्टरची सुई साधारण दोनशे बारला उघडायची, आता रेलमध्ये दीड-दोन हजार बार दाब असतो. त्या दाबानं एखादा धुळीचा कण गेला तर तो सँडपेपरचं काम करतो. म्हणून रोवणीच्या दिवसांत बांधीवर उघड्या कॅनमधून, चिखलाच्या हातानं डिझेल ओतू नका. जुन्या ट्रॅक्टरनं ते काही काळ सोसलं असेल, नवा सोसणार नाही.

मग ऑइल पातळ काऊन झालं?

आता मूळ भांडण. क्रँकची फट जवळपास तीच आहे, तर मग कंपन्या पातळ ऑइल का सांगतात?

आधी 'जाडं ऑइल शिरतच नाही' हे सोडून द्या. 0.03 मिलिमीटरच्या फटीत कोणतंही चालू ऑइल शिरतं, पंप त्याला दाबानं ढकलतो. फरक किती सहज शिरतं आणि फिरताना किती ओढ लावतं, याचा आहे. चिखलणीत पायी चाला आणि मग डांबरी रस्त्यावर चाला, म्हणजे कळेल. जाड ऑइलमध्ये फिरताना इंजिनाला तशीच ताकद वाया घालवावी लागते, आणि ती पेट्रोलमधून येते.

दुसरं, ऑइल भागांना वेगळं कसं ठेवतं? पावसात हायवेवर गाडी जोरात असली की टायरखाली पाणी शिरतं आणि टायर पाण्यावर तरंगतो, माहीत आहे ना? क्रँक तसाच ऑइलवर तरंगतो. वेग असला की तो स्वतःखाली ऑइल ओढून घेतो आणि धातूला धातू लागत नाही. त्यासाठी ऑइल फार जाड असायची गरज नसते, पृष्ठभाग गुळगुळीत आणि फट ठरल्याप्रमाणे असायची गरज असते. समजा, फट 0.04 पाहिजे. जुन्या काळी एखाद्या इंजिनात ती 0.08 निघाली, तर ते पातळ ऑइलवर टिकणार नाही. त्या एका इंजिनासाठी सगळ्यांना जाड ऑइल सांगावं लागायचं. आता तसं ढिलं इंजिन कारखान्यातून सहसा बाहेर पडत नाही. म्हणून पातळ ऑइलवर भरवसा ठेवता येतो.

तिसरं कारण सरकारी आहे. भारतात 2017-18 पासून कार कंपन्यांना सरासरी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लागली, किलोमीटरला 130 ग्रॅम. 2022-23 पासून ती 113 झाली. तेव्हा कंपनी थोड्या थोड्या मायलेजसाठी धडपडते, आणि पातळ ऑइल हा त्यातला स्वस्त उपाय आहे.

पुरावा पाहिजे? फोर्डनं अमेरिकेत 2001 च्या सुमारास 5डब्ल्यू-30 ऐवजी 5डब्ल्यू-20 सांगायला सुरुवात केली, आणि आधीच्या वर्षांत विकलेल्या बऱ्याच गाड्यांनाही तेच लागू केलं. त्या गाड्या लोकांच्या दारात उभ्या होत्या. रातोरात त्यांच्या इंजिनातली फट लहान झाली नव्हती!

आता करायचं काय

एक. ऊन तापते म्हणून जाडं ऑइल, हा हिशेब पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला लागू पडत नाही. बाहेर 30 असो की मे महिन्यातले 45, थर्मोस्टॅट आतलं तापमान ठरलेल्या जागी धरून ठेवतो. हवेवर थंड होणाऱ्या बाइकला उन्हाचा फरक पडतो, पण तिचं पुस्तक भारतातल्याच उन्हाळ्याचा विचार करून लिहिलेलं असतं. पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यातला जाड निवडा, पुस्तकाबाहेरचा नको.

दोन. कारचं ऑइल बाइकमध्ये टाकू नका. बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या मसाल्यानं तो घसरू शकतो. बाइकसाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-टू' बघा. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी 'एमबी' असतं.

तीन. जुनी, झिजलेली गाडी असेल तर जाड ऑइलनं आवाज आणि धूर थोडा कमी होतो, हे खरं आहे. कारण तिथे फट खरोखर वाढलेली असते. पण हे औषध नाही, पांघरूण आहे. सेकंडहँड गाडी घेताना हे लक्षात ठेवा. विकणाऱ्यानं आदल्या दिवशी जाडं ऑइल भरलं असेल तर इंजिन गप्प राहतं. म्हणून सकाळी, गाडी थंड असताना, तुमच्या समोर चालू करायला लावा.

चार. टॅपेटचा आवाज पूर्ण बंद करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. तिथली फट मुद्दाम ठेवलेली असते. ती मारून टाकली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. फिलर गेज लावून, इंजिन थंड असताना, पुस्तकातल्या मापानं सेट करून घ्या.

पाच. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मिस्त्रीला हलकं समजू नका. जाड ऑइलचा सल्ला देणारा माणूस ज्या इंजिनांवर शिकला, तिथे प्रत्येक इंजिन वेगळं निघायचं आणि जाड ऑइलच त्यांना वाचवायचं. त्याचं ज्ञान त्या इंजिनांसाठी खरं होतं. पण आता कोणी म्हटलं, "फट वाढली, बोअर करावा लागेल," तर भांडायचं नाही, नम्रपणे दोन प्रश्न विचारायचे. "भाऊ, किती आहे? कशानं मोजली?"

चांगला मिस्त्री यावर चिडत नाही. तो बोअर गेज काढतो, काटा दाखवतो, पुस्तकातली मर्यादा सांगतो. आणि ज्याच्याकडे आकडाच नाही, त्याला हो म्हणायच्या आधी दुसऱ्या मशीनशॉपमध्ये एकदा मापून घ्या. मापायला फार पैसे लागत नाहीत. बोअर करायला लागतात.

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या गाडीच्या पुस्तकात कोणता ग्रेड लिहिलाय आणि तुम्ही कोणता टाकताय, हे व्हॉइस नोटवर कळवा. दोन्ही सारखे नसतील तर कोणाच्या सांगण्यावरून टाकला तेही सांगा, नाव नको. हेल्मेट घाला, आणि भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.